विश्लेषण : उलट्या घड्याळाने कोकण रेल्वे कशी उभी राहिली? रोहा-महाडच्या कारखान्यांतल्या साहेबांनी त्यातून काय घ्यावे?

जुलैची रात्र. वीर ते करंजाडीदरम्यान पाऊस कोसळतो आहे. अंगावर रेनकोट, हातात दिवा आणि खांद्यावर लाल झेंडीची पिशवी घेऊन कोकण रेल्वेचा गस्त कर्मचारी रुळांच्या कडेने चालतो आहे. कटिंगमध्ये माती सरकली आहे का, रुळावर दगड आला आहे का, एवढेच त्याला पाहायचे आहे. आसपास ना साहेब, ना कॅमेरा. शेवटचा एक किलोमीटर न चालता तो परत फिरला, तर त्या रात्री कदाचित कुणाला कळणारही नाही.

तरीही तो चालतो. का?

माणसे मनापासून काम केव्हा करतात, हा प्रश्न मुळात एवढाच आहे. त्यावर मोटिव्हेशनल भाषणे होतात, ऑफिसच्या भिंतींवर पोस्टर लागतात, व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज सकाळी सुविचार पडतात. रायगड जिल्ह्यात मात्र या प्रश्नाचे एक मोठे प्रात्यक्षिक होऊन गेले आहे. रोह्यापासून सुरू झालेल्या कोकण रेल्वेने माणसांकडून अशक्य वाटणारे काम करून घेतले. त्या घाईची किंमतही मोजली आणि त्यातून काही बदलही केले.

प्रकल्प केवढा होता?

कोकणात रेल्वे यावी ही मागणी कित्येक दशकांची. आपटा-रोहा मार्ग झाला आणि रेल्वे रोह्यात येऊन थांबली. पुढे सह्याद्रीचे फाटे, खाड्या, नद्या आणि पावसाळ्यात ढासळणारी जांभ्याची माती.

१९८९ मध्ये केंद्रात सरकार बदलले. जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री आणि मधु दंडवते अर्थमंत्री झाले. कोकण किनाऱ्याशी जवळचे नाते असलेल्या या दोन नेत्यांनी वेगळी वाट काढली. जुलै १९९० मध्ये कोकण रेल्वे कॉर्पोरेशनची स्वतंत्र कंपनी म्हणून स्थापना झाली. केंद्राचा वाटा ५१ टक्के, महाराष्ट्राचा २२, कर्नाटकाचा १५, तर गोवा आणि केरळचा प्रत्येकी ६ टक्के. उरलेला पैसा मुख्यतः रोख्यांतून उभा करायचा होता. सप्टेंबर १९९० मध्ये रोह्यात पायाभरणी झाली.

रोहा ते मंगळूरजवळचे ठोकूर हे अंतर सुमारे ७४० किलोमीटर. त्यात ९१ बोगदे आणि लहान-मोठे मिळून सुमारे दोन हजार पूल. रत्नागिरीजवळचा करबुडे बोगदा साडेसहा किलोमीटर लांब, तर पानवल नदीवरचा पूल ६४ मीटर उंच. जमीन घ्यायची होती ती ४० हजारांहून अधिक मालकांकडून. आणि मुदत? पाच वर्षांच्या आसपास.

या कंपनीचे प्रमुख म्हणून ई. श्रीधरन यांना आणण्यात आले. ते नुकतेच रेल्वे बोर्डातून निवृत्त झाले होते.

श्रीधरन यांच्यावरच भरवसा का?

याचे उत्तर १९६४ मध्ये सापडते. त्या वर्षी डिसेंबरमध्ये तमिळनाडूत आलेल्या चक्रीवादळाने धनुष्कोडी उद्ध्वस्त केले आणि रामेश्वरमला जोडणाऱ्या पांबन पुलाचे बहुतेक गर्डर समुद्रात गेले. रेल्वेने दुरुस्तीसाठी सहा महिन्यांची मुदत ठरवली. वरिष्ठांनी ती तीन महिन्यांवर आणली. काम सोपवले ३२ वर्षांच्या श्रीधरन यांच्यावर. पूल ४६ दिवसांत उभा राहिला.

मुदत कमी केली की माणसे आपोआप धावतात, असा या गोष्टीचा सोपा अर्थ काढला जातो. तो अर्धवट आहे. पांबनला काम काय हे स्पष्ट होते, कुणाचे हेही स्पष्ट होते आणि पूल सुरू होणे का गरजेचे आहे हे बेटावरच्या प्रत्येकाला दिसत होते. या तीन गोष्टी नसतील, तर मुदत हा नुसता दट्ट्या ठरतो.

उलटे घड्याळ म्हणजे नेमके काय?

कोकण रेल्वेच्या कार्यालयांत काम पूर्ण व्हायला किती दिवस उरले हे दाखवणारी घड्याळे लावण्यात आली. आकडा रोज एकने कमी व्हायचा. ही पद्धत पुढे दिल्ली मेट्रोतही गेली आणि गाजली.

यात तंत्रज्ञान म्हणावे असे काही नाही. काम कुठवर आले ही माहिती एरवी साहेबाच्या फायलीत असते. घड्याळामुळे ती शिपायापासून मुख्य अभियंत्यापर्यंत सगळ्यांना एकाच वेळी दिसू लागली. ‘साहेब काय म्हणतील’ याऐवजी ‘दिवस किती उरले’ हा बोलण्याचा विषय झाला. दबाव तेवढाच राहिला, पण तो माणसाकडून येण्याऐवजी ठरलेल्या तारखेकडून येऊ लागला.

उद्दिष्ट आणि कामगिरी यांच्या नात्यावर अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडविन लॉक यांनी १९६८ पासून सातत्याने लिहिले. ‘जमेल तेवढे करा’ असे सांगण्यापेक्षा नेमके आणि कठीण उद्दिष्ट दिले तर काम चांगले होते, हा त्यांच्या संशोधनाचा गाभा. त्याला दोन अटी आहेत. ते उद्दिष्ट काम करणाऱ्याला मान्य हवे आणि आपण कुठवर आलो हे त्याला वेळोवेळी कळायला हवे. उलटे घड्याळ दुसरी अट पूर्ण करते. पहिली अट घड्याळ लावून पूर्ण होत नाही.

मग पहिली अट कशी पूर्ण झाली?

त्यासाठी मार्गाची वाटणी पाहावी लागेल. संपूर्ण मार्ग सात विभागांत, म्हणजे सरासरी शंभरेक किलोमीटरच्या तुकड्यांत विभागला गेला. त्यातला पहिला महाड. त्यापुढे रत्नागिरी उत्तर, रत्नागिरी दक्षिण, कुडाळ, गोवा आणि कर्नाटकातले दोन. प्रत्येक विभाग एका मुख्य अभियंत्याच्या हाती होता आणि जागेवरचे बरेच निर्णय घेण्याचे अधिकार त्यालाच होते.

महाडच्या अभियंत्याला प्रत्येक कागद घेऊन मुख्यालयात जावे लागले असते, तर पाच वर्षे फायली फिरण्यातच गेली असती. अधिकार खाली दिल्यामुळे ‘वरून मंजुरी आली नाही’ हे कारणही संपले. अधिकार आणि जबाबदारी एकाच टेबलावर आली.

दुसरी गोष्ट टप्प्यांची. संपूर्ण मार्ग होईपर्यंत थांबायचे नाही, असे ठरले. १९९३ मध्ये म्हणजे पायाभरणीनंतर तीन वर्षांच्या आत रोहा ते वीर हा रायगडातला टप्पा सुरू झाला. कोलाड, इंदापूर, माणगाव, गोरेगाव या गावांनी गाडी पाहिली. त्यानंतर १९९५ मध्ये खेड, १९९६ मध्ये सावंतवाडी. दूर गोव्यात बोगदा खणणाऱ्यालाही ‘वीरपर्यंत गाडी धावते आहे’ हे कळत होते. मोठ्या कामात माणसाचा धीर खचतो तो शेवट दिसत नाही म्हणून. एक टप्पा पूर्ण झालेला दिसला की पुढचा खरा वाटू लागतो.

तिसरी गोष्ट कामाच्या अर्थाची. मुंबईतल्या चाकरमान्यासाठी गणपतीला गावी जाणे म्हणजे एसटीच्या रांगेत रात्र काढणे आणि घाटात दिवस घालवणे होते. रेल्वे आली तर काय बदलेल हे कोकणातल्या कुणालाही समजावून सांगावे लागत नव्हते. जमीन देण्यासाठी अधिकारी गावोगाव फिरले, लोकांशी बोलले आणि एवढ्या मोठ्या मार्गासाठीचे भूसंपादन तुलनेने लवकर उरकले. आपण दगड फोडत नसून गावाला गाडी आणतो आहोत, हे कळले की कामाचे ओझे तेच राहते, पण उचलणाऱ्याचा हात बदलतो.

पगार वाढवला की काम वाढते का?

फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी १९५९ मध्ये या प्रश्नावर एक प्रसिद्ध मांडणी केली. अमेरिकेतल्या पिट्सबर्ग भागातल्या सुमारे दोनशे अभियंते आणि हिशेबनीसांना त्यांनी विचारले होते की कामावर तुम्हाला खूप बरे कधी वाटले आणि खूप वाईट कधी वाटले.

उत्तरांचे दोन गट पडले. वाईट वाटण्याची कारणे म्हणजे पगार, कंपनीचे नियम, साहेबाची वागणूक, कामाची जागा. बरे वाटण्याची कारणे मात्र वेगळीच होती. काहीतरी करून दाखवल्याचे समाधान, कुणीतरी घेतलेली दखल, अंगावर आलेली जबाबदारी आणि काम स्वतःच आवडणे.

याचा अर्थ पगार महत्त्वाचा नाही असा मुळीच नाही. पगार वेळेवर नसेल, कँटीनचे जेवण वाईट असेल, सेफ्टी शूज फाटके असतील तर माणूस नाराज होणारच. तिथे भाषण देणे हा अपमान ठरतो. पण या गोष्टी नीट केल्या की फक्त नाराजी जाते. उत्साह यायला जबाबदारी आणि दखल लागते. आपल्याकडे गल्लत होते ती इथे. पहिल्या गटातली तक्रार घेऊन आलेल्या कामगाराला ‘एम्प्लॉयी ऑफ द मंथ’चे प्रमाणपत्र दिले जाते.

या यशोगाथेची दुसरी बाजू कोणती?

कोकण रेल्वेचे काम ठरलेल्या वेळेत पूर्ण झाले नाही. गोव्यात मार्ग किनारपट्टीच्या गावांतून नेण्यास विरोध झाला, काम थांबले, चौकशी समिती नेमली गेली. पेडण्याचा बोगदा सर्वांत जास्त रडवणारा ठरला. कठीण खडक फोडण्याचे तंत्र होते, पण तिथे होती पाण्याने भरलेली मऊ माती. खणावे आणि ती पुन्हा आत यावी, असे अनेकदा झाले. पूर्ण मार्गावर गाडी धावली ती २६ जानेवारी १९९८ रोजी. तोपर्यंत श्रीधरन दिल्ली मेट्रोत गेले होते.

म्हणजे घड्याळाचा आकडा शून्यावर आला तरी काम बाकी होते. माणसे कितीही प्रेरित असली, तरी माती आपल्या गतीनेच चालते. कामगारांवर जोर टाकून सुटणारे प्रश्न वेगळे आणि तंत्र बदलावे लागणारे प्रश्न वेगळे, हा फरक ओळखणे हे नेत्याचे काम.

दुसरी किंमत जिवाची. बांधकामात अनेक कामगारांचे प्राण गेले. रत्नागिरी स्थानकाजवळचे श्रमशक्ती स्मारक त्यांची आठवण देते. नेत्याचे नाव पुस्तकांत राहते. बोगद्यात दगड अंगावर आलेल्याचे नाव अशा एखाद्या स्मारकापुरते.

गाड्या सुरू झाल्यावरही दरडींनी पाठ सोडली नाही. २२ जून २००३ रोजी सिंधुदुर्गात वैभववाडीजवळ गाडी दरडीवर आदळली, ५० हून अधिक प्रवासी मृत्युमुखी पडले. वर्षभरात, १६ जून २००४ रोजी, रायगडात महाड तालुक्यातल्या आंबवलीजवळ मत्स्यगंधा एक्स्प्रेसला अपघात झाला. त्यात सुमारे २० जणांचा बळी गेला. वेगाने बांधलेल्या मार्गाला आता वेगळ्या प्रकारची प्रेरणा हवी होती. जोरात धावण्याची नव्हे, वेळीच थांबण्याची.

थांबण्याची प्रेरणा कशी देतात?

हा भाग रोजच्या नोकरीत सर्वांत उपयोगाचा आहे. आज कोकण रेल्वेवर पावसाळ्यात कमी वेगाचे वेगळे वेळापत्रक लागू होते. धोक्याच्या कटिंगवर गस्त आणि पहारा असतो. मुसळधार पावसात समोरचे नीट दिसेनासे झाले तर गाडी ताशी ४० किलोमीटरवर आणण्याच्या सूचना लोको पायलटला आहेत. मार्गावर सरासरी दर एक किलोमीटरवर संपर्काची सोय आहे. तिथून गस्त कर्मचारी थेट स्टेशनशी बोलू शकतो. माणगावसह नऊ स्थानकांवर पर्जन्यमापक आहेत. वीर आणि सापे वामनेदरम्यान सावित्रीच्या पुलावर पुराचा इशारा देणारी यंत्रणा आहे. उतार कमी करणे, जाळ्या बसवणे, वाळ्यासारखे गवत लावून माती धरून ठेवणे ही कामेही झाली.

या यादीत यंत्रे आहेत, पण मुख्य गोष्ट अधिकाराची आहे. दिवा घेऊन चालणारा माणूस एक्स्प्रेस थांबवू शकतो. लोको पायलट वेग कमी करू शकतो. गाडी उशिरा पोहोचली तर चालते, हे वेळापत्रकच सांगते. टोयोटाच्या कारखान्यात कोणताही कामगार दोरी ओढून दोष कळवू शकतो आणि गरज पडल्यास अख्खी लाइन थांबते. तत्त्व तेच.

हार्वर्डच्या प्राध्यापिका एमी एडमंडसन यांनी १९९० च्या दशकात रुग्णालयांतल्या चमूंचा अभ्यास केला. चांगल्या चमूंकडून चुका कमी होत असतील अशी अपेक्षा होती. आकडे उलटे आले. चांगल्या चमूंमध्ये चुकांची नोंद जास्त होती. कारण तिथे चूक सांगायची भीती नव्हती. बाकीच्या ठिकाणी चुका होतच होत्या, त्या लपवल्या जात होत्या.

रोहा, महाड, पाताळगंगा, तळोज्यातल्या रासायनिक कारखान्यांत हा मुद्दा अभ्यासापुरता राहत नाही. रात्रपाळीच्या ऑपरेटरला रिॲक्टरचे तापमान वाढताना दिसले आणि ‘बॅच बंद केली तर सकाळी साहेब ओरडतील’ हा विचार आधी आला, तर त्या कारखान्याच्या गेटवर लावलेल्या ‘सेफ्टी फर्स्ट’ बोर्डाला काही अर्थ नाही.

चूक झाली तर नेत्याने काय करायचे?

१२ जुलै २००९ रोजी दिल्लीत जमरुदपूर इथे मेट्रोचा निर्माणाधीन पूल कोसळला आणि कामगारांचे प्राण गेले. श्रीधरन यांनी नैतिक जबाबदारी घेत राजीनामा दिला. तो स्वीकारला गेला नाही आणि ते कामावर परतले.

राजीनामा हा उपाय होता की नाही यावर मतभेद होऊ शकतात. पण हाताखालच्या माणसांना त्यातून एक गोष्ट कळते. वाईट दिवशी साहेब आपल्याकडे बोट दाखवून बाजूला होणार नाहीत. हे एकदा कळले की चूक सांगायला माणूस धजावतो.

रस्त्याचे काय झाले?

रायगडकरांना या विषयाची तुलना शोधायला लांब जावे लागत नाही. रेल्वेला जवळपास समांतर जाणाऱ्या मुंबई-गोवा महामार्गाच्या पनवेल-इंदापूर टप्प्याचे चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू झाले. ८४ किलोमीटरचे हे काम दशक उलटले तरी रेंगाळत राहिले. ठेकेदार बदलले, मुदती सरकल्या, न्यायालयात याचिका झाल्या.

याच महामार्गावर महाडजवळ २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला. नवा पूल १८० दिवसांत बांधण्याचे ठरले. तो १६५ दिवसांत झाला आणि ५ जून २०१७ रोजी खुला झाला.

रस्ता तोच, पाऊस तोच, कामगारही साधारण तसेच. एक पूल आणि ८४ किलोमीटर यांची सरळ तुलना होत नाही, हे खरे. जमिनीचे आणि पैशाचे प्रश्न वेगळे होते. तरी एक गोष्ट उरते. पुलाला एक तारीख होती, एक उत्तरदायी यंत्रणा होती आणि त्या रात्री गेलेल्या माणसांची आठवण ताजी होती. रखडलेल्या कामात ‘कामगार आळशी आहेत’ हे निदान क्वचितच बरोबर असते.

तुमच्या कामाच्या ठिकाणी याचा उपयोग काय?

शिफ्ट इन-चार्ज असो, बँकेचा शाखाधिकारी, शाळेचा मुख्याध्यापक किंवा बोटीवरचा तांडेल, चार माणसे हाताखाली असणाऱ्या कुणालाही हे करता येते.

• आकडा सगळ्यांना दाखवा. किती झाले, किती उरले, हे फळ्यावर लिहा. फक्त तुमच्या लॅपटॉपमध्ये ठेवू नका.

• काम देताना अधिकारही द्या. निदान एक निर्णय असा द्या जो तुम्हाला न विचारता घेता येईल. तो तुमच्या मनासारखा झाला नाही तर लगेच अधिकार काढून घेऊ नका.

• मोठ्या कामाचे ‘रोहा ते वीर’ शोधा. वर्षभराच्या कामातला पहिला दिसणारा टप्पा लवकर पूर्ण करा.

• आधी नाराजीची कारणे दूर करा. थकलेला ओव्हरटाइम द्या, मग प्रेरणेवर बोला.

• काम थांबवणाऱ्याचे आभार माना. त्याची शंका खोटी निघाली तरी. खोट्या शंकेबद्दल एकदा ओरडलात, तर खरी शंका तुमच्यापर्यंत येणार नाही.

यातला शेवटचा मुद्दा सर्वांत अवघड आहे, कारण त्याचा फायदा कधी दिसत नाही. टळलेल्या अपघाताची बातमी होत नाही आणि न पडलेल्या दरडीसाठी कुणी टाळ्या वाजवत नाही. म्हणून ती दखल साहेबालाच घ्यावी लागते.

वीर-करंजाडीच्या अंधारात चालणाऱ्या त्या कर्मचाऱ्याकडे पुन्हा पाहिले, तर तो भाषणामुळे चालत नाही हे लक्षात येते. आपल्या मागून येणाऱ्या गाडीत हजारभर माणसे झोपली आहेत हे त्याला माहीत असते. आपण दिवा हलवला तर गाडी थांबेल आणि सकाळी ‘कशाला थांबवली’ असे कुणी विचारणार नाही, याची त्याला खात्री असावी लागते. पहिली गोष्ट त्याची स्वतःची आहे. दुसरी त्याला त्याच्या साहेबाने द्यायची असते.